लेपर्ड गेकोच्या पोटाच्या तक्रारीवर 22,299 रुपये : एका बोगस ‘सरीसृपतज्ज्ञा’ने केलेली फसवणूक

एकूण 22,299 रुपये. ही रक्कम एका माणसाने माझ्याकडून पाच वेळा करून काढून घेतली आणि त्याचे निमित्त दर वेळी एकच होते : आमच्या घरातील लेपर्ड गेको या पाळीव पालीचे पोट. रकमा मी मुद्दाम एकेक करून लिहिणार आहे, कारण ‘थोडेफार पैसे गेले’ एवढेच सांगून विषय मिटवणाऱ्यांमुळे अशा माणसांचे फावते. पाळलेल्या पालीच्या औषधपाण्यावर एवढा खर्च केला हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, आणि त्या माणसाचा सगळा धंदा आपल्या याच लाजेवर चालतो.

बुंदी हे आमच्या गेकोचे नाव. पुण्यातील एका दुकानातून, रीतसर बिल घेऊन, मुलीसाठी तिला आणले होते. जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू होती त्या सुमारास तिचे खाणे कमी झाले. आधी तिने मीलवर्म या खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळ्या नाकारल्या, मग क्रिकेट म्हणजे रातकिडे समोर सोडले तरी ती तोंड फिरवू लागली, आणि एका सकाळी तिच्या काचेच्या टँकच्या कोपऱ्यात ओकून टाकलेले, अर्धवट पचलेले मीलवर्म सापडले. विष्ठेतही किड्यांचे तुकडे ओळखू येण्याइतके शाबूत दिसत होते. गेको पाळणाऱ्यांना अशा वेळी कशाची भीती वाटते हे वेगळे सांगायला नको. वाळू गिळली जाऊन आतडे तुंबणे, जंत, कॉक्सिडिया हे आतड्यातील सूक्ष्म परजीवी, आणि सर्वांत वाईट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संसर्ग, ज्यात शेपटी काडीसारखी बारीक होत जाते आणि ज्यावर खात्रीचा इलाज नाही. आमच्या टँकमध्ये दुकानदाराने ‘पोटात गेली तरी विरघळते’ असे सांगून दिलेली कॅल्शियमची वाळू होती. ती वाळू कोणीही वापरू नये. विरघळण्याची गोष्ट खोटी आहे, ती पोटात गोळा होऊन बसू शकते.

सोलापुरात मी ज्या ज्या दवाखान्यांत फोन केले तेथे गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री आणि मांजरे पाहिली जातात. एका डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, “मला यातले कळत नाही, उगाच प्रयोग करणार नाही, तुम्ही पुण्याला न्या.” त्या सरळ उत्तराची किंमत मला नंतर कळली. परंतु त्या वेळी मुलीची सराव परीक्षा तोंडावर होती, कारखान्यात माल पाठवण्याची घाई होती आणि ओकाऱ्या करणाऱ्या प्राण्याला थंडीत अडीचशे किलोमीटर नेणे धोक्याचे वाटत होते. अशा वेळी माणूस फोनमध्ये उत्तर शोधतो, आणि त्यात काही गैर आहे असे मला आजही वाटत नाही.

इन्स्टाग्रामवर पांढरा कोट घातलेल्या, हातात अजगर धरलेल्या त्या माणसाचे व्हिडिओ होते. मी बुंदीचा व्हिडिओ पाठवला आणि त्याचा लगेच फोन आला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने जे सांगितले ते सगळे बरोबर होते : वाळू आजच काढा, तिच्या जागी किचन टिश्यू अंथरा, ओकल्यानंतर काही दिवस खायला घालू नका, पाणी ठेवा, दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद किडा कधी देऊ नका. हे सगळे कोणत्याही चांगल्या माहितीपत्रकात सापडते, पण घाबरलेल्या माणसाला फोनवर कोणी आपुलकीने सांगितले की विश्वास बसतो. फुकट मिळालेल्या खऱ्या सल्ल्यावरच पुढचा सगळा खोटेपणा उभा होता.

तपासणी फी म्हणून त्याने 1,500 रुपये घेतले. त्यानंतर आवाज बदलला. “आतडे पूर्ण तुंबले आहे, 72 तासांत औषध सुरू झाले नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशनमध्ये निम्म्या गेको वाचत नाहीत,” असे तो म्हणाला. आयात केलेले पाचक थेंब आणि प्रोबायोटिक पावडर यांचे 4,850 रुपये. विष्ठा तपासणीचे किट आणि प्रयोगशाळेचा खर्च 3,200 रुपये. मीलवर्म पचत नाहीत म्हणून जिवंत डुबिया झुरळांची पेटी, 2,750 रुपये. ती पेटी कधीच आली नाही. पोट हाताने चाचपल्याशिवाय आणि एक्स-रे काढल्याशिवाय केवळ व्हिडिओ पाहून आतडे तुंबल्याचे निदान करणारा माणूस डॉक्टर नव्हे, हे कृपया लक्षात ठेवा. तासांची मुदत घालणाऱ्यापासून तर दूरच राहा. धडधाकट, पूर्ण वाढलेली लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवते आणि काही आठवडे न खाताही तग धरू शकते. बुंदीची शेपटी तेव्हा जाडजूड होती. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा काढून तिचे वजन केले असते तर ते फारसे उतरलेले नाही हे दिसले असते, आणि वजन करा असे त्याने एकदाही सांगितले नाही.

ज्या क्षणाची आठवण अजूनही झोपू देत नाही तो या किटशी निगडित आहे. विष्ठेचा नमुना छोट्या डबीत भरून मी शनिवारी संध्याकाळी ‘सात रस्ता’ चौकाजवळ कुरिअरला दिला. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल आला : प्रयोगशाळेचा शिक्का, सही, लाल अक्षरांत ‘तीव्र संसर्ग’. मुलगी शेजारी उभी होती. तिने कुरिअरचा क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाली, “बाबा, पाकीट तर अजून सोलापुरातच आहे ना?” पाकीट खरोखरच सोलापुरात होते. मी त्याला फोन केला. क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, “हा तुम्ही पाठवलेल्या फोटोंच्या डिजिटल स्कॅनिंगचा प्राथमिक अहवाल आहे, अंतिम अहवाल नमुना पोचल्यावर मिळेल.” आणि मी मुलीला गप्प केले. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब तपासणे हे माझे काम आहे. माल येण्याआधीचे बिल समोर आले तर मी ते परत पाठवतो. मात्र त्या आदल्या रात्री बुंदी पुन्हा ओकली होती, अहवालात तिचे नाव आणि वय बरोबर लिहिले होते, आणि संसर्ग खरा असेल तर शंका घेत बसण्यात तिचा जीव जाईल, ही एकच गोष्ट डोक्यात होती. त्या जागी कोणताही बाप हेच करील.

शेवटची रक्कम सर्वांत मोठी होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि 2024 मध्ये काही परदेशी प्रजातींच्या नोंदणीचे नियमही आले, हे सगळे खरे आहे. या खऱ्या गोष्टींचा धाक दाखवून त्याने सांगितले की संसर्गजन्य अहवाल आल्यामुळे आता वन विभागाची तातडीची नोंदणी करावी लागेल, नाहीतर प्राणी जप्त होईल. त्यासाठी 9,999 रुपये, जे महिन्याभरात परत मिळतील. मी भरले. अशा नोंदणीचे अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर स्वतः भरायचे असतात. कोणाच्या खासगी यूपीआयवर सरकारी नोंदणी होत नाही. आपला प्राणी त्या यादीत येतो का, हे विकत घेण्याआधी तपासा आणि बिलावर प्रजातीचे नाव लिहून घ्या. पैसे पोचले त्या संध्याकाळपासून त्याने फोन उचलला नाही.

थेंबांच्या बाटलीवरचे लेबल पाण्यात सुटले तेव्हा खाली कोंबड्यांच्या लिव्हर टॉनिकचे लेबल निघाले. तेच थेंब मी त्याच्या सांगण्यावरून सिरिंजने त्या मुक्या जिवाच्या तोंडात घालत होतो, आणि ती मान झटकून फेस काढत होती. पैशांपेक्षा हे जास्त जिव्हारी लागते. जबरदस्तीने घातलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन गेको दगावू शकते. प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी करून दाखवल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका.

शेवटी कामाला सुट्टी टाकून पुण्याला गेलो. तेथील डॉक्टरांनी पोट चाचपले, एक्स-रे काढला, ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सगळे मिळून 1,900 रुपये झाले. आतडे मोकळे होते. थोडे जंत होते, त्यांचे औषध दिले. मुख्य कारण होते उष्णता : टँकची जमीन उबदार ठेवणारी आमची विजेची हीट मॅट बंद पडली होती आणि काचेवर चिकटवलेला तापमापक खोलीतील हवेचे तापमान दाखवत होता. गेकोला अन्न पचवायला पोटाखालून ऊब लागते; उबदार कोपऱ्यातील जमीन 31 ते 33 अंश नसेल तर गिळलेला किडा पोटात तसाच राहतो, सडतो आणि मग उलटून पडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो म्हणून येथे हिवाळ्यात मॅटकडे कोणी फारसे पाहत नाही, पण जानेवारीतील रात्री तिला पुरेशा थंड असतात. तापमापकाचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, जमिनीला टेकवूनच ठेवा. तो खोटा अहवाल डॉक्टरांना दाखवला, तेव्हा त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले : ‘शरीराचे तापमान 38.6 अंश, सामान्य.’ हे निरोगी कुत्र्याचे तापमान आहे. गेकोला स्वतःचे असे ठरावीक तापमान नसते. जमीन जेवढी उबदार, तेवढे तिचे अंग.

आता तक्रारीविषयी. ज्या पोलीस ठाण्यात गेलो तेथील अंमलदाराने अर्जाची पहिली ओळ वाचून शेजाऱ्याला हाक मारली आणि म्हणाला, “ओ, पालीला डॉक्टर म्हणे! आमच्या क्वार्टरमध्ये ढीगभर आहेत, न्या की.” दोघेही हसले. मी उभाच होतो. मग सांगण्यात आले की ही सायबरची बाब आहे. तेथे सांगितले की रक्कम किरकोळ आहे, आधी जवळच्या ठाण्यात नोंद करा. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. पुढच्या वेळी साहेब भेटले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “हा प्राणी पाळायला तुम्हाला परवानगी आहे का?” म्हणजे लुबाडला गेलो मी, आणि कागद मागायचे माझ्याकडून. बिल दाखवल्यावर ‘हा तुमचा आपसांतला व्यवहार दिसतो’ असे म्हणून अर्ज बाजूला ठेवला गेला. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील गुन्हा आहे, आणि हद्द कोणाचीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. हे कायदे 1 जुलै 2024 पासून लागू आहेत. हे मी नम्रपणे सांगितले तेव्हा ‘वकील आहात का’ असे विचारले गेले. बँकेने ‘पिन तुम्हीच टाकला’ एवढ्या एका वाक्यात हात झटकले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता ज्यांनी शोधायचा ते प्राण्याचे नाव वाचून हसत बसतात. बैल किंवा म्हैस विकताना कोणी एवढी रक्कम बुडवली असती तर कोणी हसले असते का? माझे पैसे गेले ते पालीसाठी गेले म्हणून ते कमी खरे ठरतात का?

पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासात, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवले गेले तर परत मिळण्याची आशा असते. मी आधी बँकेच्या रांगेत उभा राहिलो, कारण तसेच करायला सांगितले गेले होते. डॉक्टर म्हणवणाऱ्याकडे पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेकडे तो पडताळून पाहा. 1984 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय प्राण्यांवर उपचाराचा व्यवसाय करता येत नाही. त्या माणसाने मला पाठवलेला क्रमांक कोणाचाच नव्हता. अंमलदाराने नकार दिला तर अर्ज वरिष्ठांकडे टपालाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. माझा अर्ज तसाच गेला आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर, पंढरपूर अशा गावांतून आणखी कोणी अशा माणसाला पैसे दिले असतील तर त्यांनी आपापली वेगळी तक्रार द्यावी, प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम पहिल्याच परिच्छेदात लिहावी, आणि प्राणी कोणता होता हे शेवटच्या परिच्छेदात लिहावे, म्हणजे निदान तेथपर्यंत तरी अर्ज वाचला जाईल.