चिमणी 1400 क्षमतेची, पाइप पीओपीत: 'फिटिंग फ्री'मधली फसवणूक

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये नवी चिमणी बसली आणि तिसऱ्याच महिन्यात ओट्यावरच्या पीओपीच्या खोट्या छताला पिवळट, तेलकट डाग उमटला. चटणीसाठी शेंगा भाजा नाहीतर मिरची परता, घरभर ठसका पूर्वीइतकाच. सर्व्हिसवाल्याने 'मोटर कमजोर झालीय' म्हणून 2800 रुपये घेतले, मोटर काढून नेली आणि चार दिवसांनी परत लावली. फरक काहीच नाही. शेवटी डागाजवळचा पीओपी कापला, तेव्हा आत पाइपाचं उघडं तोंड दिसलं. भिंतीला भोक पाडलेलंच नव्हतं. धूर पोकळीत जायचा आणि लाइटच्या फटींमधून पुन्हा खाली उतरायचा. मोटर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती.

यात नुसता धुराचा त्रास नाही. तेलाची वाफ छतातल्या वायरिंगवर साचत जाते, आणि तिथे एखादी ठिणगी पडली तर आग आधी छतात लागते.

दुकानात चिमणीच्या जाळीला कागद चिकटवून दाखवतात. त्याला भुलू नका. मागे पाइपच जोडलेला नसतो, तेव्हा कुठलीही चिमणी कागद ओढेल. खोक्यावरचा 1200 किंवा 1400 हा आकडा म्हणजे ताशी किती घनमीटर हवा ओढली जाते ते, आणि तेही वाटेत फारसा अडथळा नसताना. हिशेब करून बघा. 10 बाय 8 चं स्वयंपाकघर, उंची 10 फूट, म्हणजे 800 घनफूट, सुमारे 22.6 घनमीटर. तासाला 12 वेळा हवा बदलायची म्हटली तरी 272 घनमीटर झाले. वरचा मोठा आकडा लागतो तो आपल्या फोडणीसाठी आणि पाइपात जे वाया जातं ते भरून काढायला. पाइपच चोंदलेला असेल तर 1400 काय नि 800 काय.

'फिटिंग फ्री' म्हटलं की फिटरला पैसे वाचवायला जागा उरते ती पाइप, एल्बो (वळणाचा जोड) आणि भोक यांतच. बहुतेक चिमण्यांचं तोंड 6 इंची असतं. भिंतीत जुनं 4 इंची भोक असलं की रिड्यूसर (मोठं तोंड लहान करणारा जोड) लावून पाइप त्यातच कोंबतात. 6 इंची तोंडाचं क्षेत्रफळ 28 चौरस इंच, 4 इंचीचं जेमतेम साडेबारा. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट तिथेच बंद, वर आवाज वाढतो तो वेगळाच. अॅल्युमिनियमचा लवचिक पाइप पूर्ण न ताणता सुरकुत्यांसकट बसवला तर हवा अडते आणि त्या घड्यांत तेल साचतं. काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा आणि टोकाला झडपेची जाळी हवी, नाहीतर वारा उलटा शिरतो आणि पारवे घरटं करतात. बाथरूमच्या शाफ्टमध्ये पाइप सोडायचा असेल, तर तो शाफ्ट वर उघडा आहे का ते गच्चीवर जाऊन आधी पाहा.

'पाइप नको, कोळशाचं फिल्टर आहे' हाही एक ठरलेला डाव. ते फिल्टर वास थोडा कमी करतं. उष्णता आणि वाफ खोलीतच राहतात. सोलापूरच्या मे महिन्यात ओट्यापुढे उभं राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. शिवाय ते काही महिन्यांनी बदलावं लागतं, हे विकताना कोणी बोलत नाही.

फिटरला पैसे देण्याआधी एकाला बाहेर पाइपाच्या टोकाशी उभं करा आणि चिमणी फुल स्पीडवर लावा. हाताला जोराचा झोत लागलाच पाहिजे. मग शेगडीवर अगरबत्ती धरा, धूर सरळ चिमणीत गेला पाहिजे. समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण बाहेरून हवा आत आली तरच आतली बाहेर जाईल. शेगडीलगतची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन मात्र बंद, नाहीतर धूर आडवा पळतो. टेप लावून उंचीही मोजा. शेगडीपासून 24 ते 30 इंच बरोबर. टाइल्स फोडायला नकोत म्हणून 36 वर टांगलेली चिमणी कडेचा धूर सोडून देते.

सर्व्हिसच्या नावाखाली होणारी लूट वेगळीच. मोटर नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर फिरायला लावणारा छोटा भाग) गेलेला असतो. तो काही शेकड्यांत, त्याच क्षमतेचा बदलून मिळतो. मोटर घरातून नेऊ देऊ नका. न्यायचीच असेल तर नंबरचा फोटो काढून पावती घ्या. काही जण जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. त्यात अॅल्युमिनियमची जाळी काळी पडून झिजते आणि मग नवी गळ्यात मारली जाते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. 'ऑटो क्लीन'चं बटण आतलं तेल वितळवून वाटीत आणतं, पाइप साफ करत नाही.

बिलावर मॉडेल, पाइपाचा व्यास, लांबी आणि 'पाइप इमारतीबाहेर काढून' हे शब्द लिहून घ्या. फसवणूक झालीच असेल तर पीओपी कापण्याआधी आणि कापल्यावर फोटो काढा, मगच पाइपाला हात लावू द्या. विक्रेता दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं.