धोट्याच्या मुठीची दमास्कस सुरी: गड्ड्यापासून श्रावणापर्यंतचा अनुभव

लग्नसराईच्या ऐन गर्दीत, मे महिन्यात, सुरीची मूठ हलायला लागली. पातं शाबूत, धार शाबूत, आणि मूठ मात्र जोर दिला की आतून टकटक वाजायची. दमास्कस पात्याच्या, म्हणजे पोलादाचे थर जोडून केलेल्या पात्याच्या, नक्षीवर लोकांनी आधीच भरपूर लिहिलंय. थर किती, पोलाद कुठलं, हे इथे वाचायला येणाऱ्यांना ठाऊक असतंच. मी मुठीबद्दल लिहिणार आहे, कारण रोज पाच-सहा किलो कांदा चिरायचा असला की हातात मूठ येते, नक्षी येत नाही.

आमचा जुळे सोलापुरात डब्यांचा व्यवसाय आहे. सुरी ज्या मुलानं केली तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर कामाला असतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये गॅसची भट्टी पेटवतो. त्याच्या अगदी सुरुवातीच्या सुऱ्यांपैकी ही एक. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपता संपता घेतली. त्यानं ३,५०० सांगितले, मी २,६०० दिले. बाजारात घिसाड्याकडची सुरी दीड-दोनशेला मिळते आणि ती चांगली चालते, हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तरी घेतली, ती मुठीसाठी. मूठ धोट्याची आहे.

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी शटल, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शटलचे जुने माग मोडीत निघाले की त्यांचे धोटेही भंगारात येतात. लाकूड घट्ट, जड, वर्षानुवर्षं मागाचे दणके खाल्लेलं. या मुलानं धोटा मधोमध कापला आणि हातात मावेल इतका तासला. मागच्या टोकाची लोखंडी बोंडी, म्हणजे टोकावरची टोपी, तशीच ठेवली, फक्त घासून गोल केली. सुताची कांडी बसायची जी पोकळ खाच असते ती पुढच्या बाजूला अर्धी उरली. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा अरुंद भाग, त्या खाचेतून मागच्या भरीव लाकडात जाते. खाचेचं पुढचं तोंड त्यानं बाभळीचा छोटा ठोकळा चिकटवून बंद केलं, आणि मधली दोन बोटं मावतील एवढी खाच उघडीच सोडली. सुरी उजव्या हातात धरली की ही खाच डावीकडे येते आणि आतलं पोलाद दिसतं. सूत ज्यातून बाहेर पडतं तो चिनी मातीचा डोळाही जागेवर आहे. मी त्यात सुताचा फास ओवून सुरी खिळ्याला अडकवते.

सासऱ्यांची उमर मागावर गेली. त्यांनी सुरी हातात घेतली आणि पात्याकडे पाहिलंच नाही. डोळ्याच्या खालच्या लाकडी कडेवर अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "हात लावून बघ, सुतानं रेघ पाडलीय." खरंच तिथं केसाएवढी बारीक चर आहे, नखाला लागते. इतक्या टणक लाकडाला साध्या सुती धाग्यानं कापलंय. ती चर त्यानं पॉलिश करताना घासून घालवली नाही, याबद्दल त्या मुलाला मी पूर्ण गुण देते.

पण पहिले दोन-तीन महिने मला त्या खाचेचा वैताग आला होता. कांद्याचं पाणी आत जायचं. कोथिंबिरीची पानं अडकायची. भाकरीचं पीठ मळून तसाच हात लावला की पीठ आत बसून वाळायचं. शेपटीवर तांबूस गंज धरायला लागला. रोज रात्री जुना टूथब्रश घेऊन खाच घासायची, मग कापडाचं टोक आत घालून पुसायची. डबे धुऊन, ओटा आवरून झाल्यावर हे आणखी एक काम कोणाला हवं असतं? मी त्याला फोन करून सांगितलं, "ती खाच एपॉक्सीनं भरून दे." तो ऐकेना. "काकू, खाच भरली तर मग धोटा कशाला वापरायचा?" असं त्याचं म्हणणं. त्या वेळी मला वाटलं, पोरगा दिसण्यासाठी सोय मारतोय, आणि मी तसं स्पष्ट बोललेही.

आता माझं मत वेगळं आहे. मार्चच्या सुमारास लक्षात आलं की दुपारी अंगठ्याच्या मुळाशी जी कळ यायची ती येईनाशी झाली होती. आधीच्या सुरीची मूठ गुळगुळीत प्लॅस्टिकची होती. हात तेलकट किंवा ओला असला की ती निसटू नये म्हणून सगळा वेळ घट्ट आवळून धरावी लागायची. इथे मधल्या दोन बोटांची टोकं खाचेच्या कडेला आपोआप अडकतात. सुरी पुढे सरकत नाही, फिरत नाही, त्यामुळे आवळायची गरजच पडत नाही. मागच्या बोंडीचं वजन पात्याला तोलून धरतं, टोक खाली ओढत नाही. शेंगा भाजून सोलल्यावर हातावर जो तेलाचा थर राहतो, तशाच हातानं मी लसूण चिरलाय आणि मूठ जराही हलली नाही. प्लॅस्टिकच्या मुठीनं हे मी कधीच केलं नसतं.

पात्याबद्दल थोडक्यात. १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या १३ पट्ट्या रचून, टाकणखार टाकून भट्टीत तापवून एकजीव केल्या. मग लांबवून तीन तुकडे केले आणि एकमेकांवर रचले की ३९, पुन्हा तसंच केलं की ११७ थर. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की १०९५ काळं पडतं आणि १५एन२० मधल्या निकेलमुळे त्याचे थर उजळ राहतात. रेघा पात्याच्या पाठीवरूनही आरपार गेलेल्या दिसतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक सुऱ्यांवर ही नक्षी नुसती लेझरनं काढलेली असते, तेव्हा घेताना पाठ बघाच.

नवशिक्याचं काम मात्र कळतं. धारेच्या मागे पातं जाड होतं, त्यामुळे गाजर चिरण्याऐवजी तडकायचं. ते त्यानं एका संध्याकाळी बारीक करून दिलं, पैसे घेतले नाहीत. मुठीजवळ एका ठिकाणी दोन थर नीट जुळलेले नाहीत, तिथं एक बारीक काळी रेघ आहे. त्यात पाणी राहतं म्हणून मी तिथं तेलाचं बोट जरा जास्त फिरवते. रेघ वाढलेली नाही.

नक्षीचं म्हणाल तर ती आता जवळजवळ दिसत नाही, आणि ते काम डाळिंबानं केलं. घरी सांगोल्याकडून पेटी आली होती. दहीभातावर घालायला दाणे हवे होते म्हणून याच सुरीनं फळं कापली. सालीतला पिवळसर रस पात्यावर लागला आणि बघता बघता निळा-काळा झाला. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, ते लोखंडाला भेटलं की शाईच तयार होते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) उकळून पूर्वी शाई करायचे, त्यातही हेच घडायचं. पात्याचे उजळ थरसुद्धा त्या काळपट थराखाली गेले. चवीला काही फरक पडत नाही, उलट हा थर बसल्यापासून गंज कमी धरतो. नक्षी परत हवी असेल तर घासून पुन्हा क्लोराइडमध्ये बुडवता येते. मला नको आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. सुरीबरोबरच्या कार्डावर "प्राचीन भारतीय उक्कू पोलाद" असं छापलंय. ते खरं नाही. उक्कू हे मुशीत कोळशासकट वितळवून केलेलं पोलाद. आपल्या शेजारच्या तेलंगणात, निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला ते व्हायचं आणि इराणपर्यंत जायचं. त्याची नक्षी धातू थंड होताना आत तयार होणाऱ्या कार्बाइडच्या (लोखंड-कार्बनच्या कठीण कणांच्या) ओळींची असायची. ही सुरी थर जोडून केलेली आहे. १९७३ साली अमेरिकेत विल्यम मोरान यांनी असं काम प्रदर्शनात मांडलं आणि तिथून आजच्या दमास्कस सुऱ्यांची लाट आली. दोन्ही कामं अवघड आहेत, दोन्हींना मान आहे, पण एकाच्या नावावर दुसरं विकू नये. मेहनतीनं केलेल्या वस्तूला खोटं नाव लावायची गरज काय?

आता मे महिन्यातली गोष्ट. पारा चाळिशीच्या वर, हवेत ओलावा नावाला नाही, आणि सुरी गॅसपासून दोन हातांवर टांगलेली. मूठ हलायला लागल्यावर माझा पहिला संशय खाचेवरच गेला. मी शेडवर गेले, सुरी पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, "काकू, लाकूड हाय, उन्हाळ्यात आकसतंयच की." आणि नवीन बसवायचे ४५० रुपये सांगितले. मी चिडले. सोलापुरात सुरी बनवायची आणि ऊन गृहीत धरायचं नाही, हे कसं चालेल? लाकूड आकसतं हे माहीत होतं तर त्याची तजवीज विकण्याआधी करायची, गिऱ्हाइकाच्या पैशांनी नंतर नाही. आवाज चढला, त्याची आई चहा घेऊन बाहेर आली, तरी मी बसले नाही.

मग त्यानं मूठ उघडली आणि खरं कारण दिसलं. धोट्याला काहीही झालं नव्हतं. इतकी वर्षं वाळलेलं ते लाकूड, त्याला आणखी आकसायला उरलेलंच काय? आकसला होता तो पुढचा बाभळीचा ठोकळा. तो पुरता वाळायच्या आतच बसवला होता, आडव्या अंगानं बारीक झाला आणि शेपटीभोवती फट पडली. शिवाय चिकटवायला पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी वापरलं होतं, ते शेगडीच्या धगीनं मऊ पडतं. म्हणजे जी खाच मी दोष म्हणून बघत आले होते ती उघडी असल्यामुळेच आतली शेपटी वाळत राहिली आणि गंज वरवरचाच राहिला. बंद भागात, ठोकळ्याच्या आत, गंज जास्त होता. हे त्यानंही पाहिलं, मीही पाहिलं. त्यानंतर दोघांचाही आवाज खाली आला.

ठोकळ्याच्या जागी त्यानं लेथवर पितळेचा तुकडा घडवून बसवला. शेपटीतून आरपार पितळी पिन मारली. या वेळी एपॉक्सी रात्रभर सुकणारं. पितळेचे २०० मी दिले, मजुरी त्यानं सोसली. हा हिशोब मला रास्त वाटतो. पितळेमुळे वजन किंचित पुढे आलंय, पहिल्या आठवड्यात हाताला जाणवलं, आता नाही. पावसाळा लागला, हवा दमट झाली, मूठ तसूभर हललेली नाही. खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये.

देखभालीचं विचारणारे बरेच असतात म्हणून सांगते. मुठीला करडईचं तेल लावते, आपल्याकडे घरात असतंच. ते हवेत हळूहळू वाळून लाकडात बसतं, पण त्याच कारणानं पात्याला लावू नका, चिकट पिवळा थर धरतो. पात्याला खोबरेल, तेही पुसून काढल्यासारखं. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे ही सुरी देत नाही. कोरडा दगड जोरात फिरतो, धार तापून निळी पडली की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. मी ओल्या दगडावर हातानंच लावते, आणि मधल्या दिवसांत चिनी मातीच्या कपाच्या तळाच्या खरखरीत कडेवर चार हात फिरवते. कांद्याच्या कामाला तेवढं पुरतं.

२,६०० आणि वर २०० या किमतीत मला तक्रार नाही. ३,५०० दिले असते तर असती, कारण त्या पैशात जोड न बसलेली रेघ आणि ओली बाभूळ मी चालवून घेतली नसती. खाच अजूनही घासावी लागते. तिच्या आतल्या कडा काटकोनात आहेत, त्या गोल केल्या असत्या तर कापडाच्या एका फेरीत निघाली असती. एवढं साधं काम लेथवरच्या माणसाला सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं.

माझी मुलगी डावखुरी आहे. या सुरीची खाच तिच्या बोटांच्या उलट बाजूला येते, त्यामुळे ती हिला हात लावत नाही. परवा शेडवर गेले तर त्याच धोट्याचा उरलेला अर्धा तुकडा फळीवर पडलेला दिसला. डोळा नसलेला, पण बोंडी चांगली आहे. खाच उजवीकडे, कडा गोल, पितळ आणि पिन पहिल्यापासून, कार्डावर उक्कूचं नाव नाही, या अटींवर २,८०० ला ठरलंय. दसऱ्यापर्यंत देतो म्हणालाय.