सटक्लिफबाईंचं आत्मकथन: चार स्टार, पाचवा शेवटामुळे गेला

खरं सांगायचं तर हे पुस्तक मी स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. लेक आठवीत आहे, मे महिन्याच्या सुट्टीत रोमन सैनिकांच्या नादाला लागला, मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्लिश लेखिका रोझमेरी सटक्लिफची 'द ईगल ऑफ द नाइन्थ' आणि मग त्याचे पुढचे दोन भाग असे लागोपाठ फडशा पाडले, आणि एक दिवस जेवताना मधेच विचारतो, आई, हिच्या गोष्टीत हिरोला सारखं काहीतरी झालेलंच का असतं गं? म्हटलं म्हणजे काय रे. तर म्हणे बघ ना, 'ईगल'मधला मार्कस लंगडतो, दुसऱ्या भागातला जस्टिन अडखळत बोलतो, आणि 'वॉरियर स्कार्लेट'मधल्या ड्रेमचा तर उजवा हातच कामाचा नाही, तरी त्याला भाला धरून लांडगा मारायचाय. मला काय उत्तर देणार, मी कपाळ वाचलं होतं तिचं. म्हणून मग हे 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स' मागवलं. तिच्या लहानपणाचं नि तरुणपणाचं आत्मकथन आहे, 1983 साली पहिल्यांदा आलेलं. लेकाने अजून हातही लावला नाहीये, मीच दोनदा वाचलं.

तर उत्तर असं की बाईंना अगदी लहानपणीच सांधेदुखीचा आजार झाला, स्टिल्स डिसीज म्हणतात त्याला, लहान मुलांना होणारा संधिवातच तो. जन्म 1920 चा, तेव्हा त्यावर धड औषध कुठलं असणार. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी, त्यामुळे आज माल्टा, उद्या चॅटमची गोदी असं बिऱ्हाड पाठीवर. अंथरुणात पडलेल्या पोरीला आई तासन्‌तास वाचून दाखवायची, आणि इतकं छान वाचायची की ही पोरगी नऊ वर्षांची होईपर्यंत स्वतः वाचायला शिकलीच नाही! गरजच काय? मग चॅटमला मिस बेक नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या शाळेत घातलं आणि एका टर्ममध्ये ती भराभरा वाचायला लागली, कसं काय झालं ते तिला स्वतःलाही आठवत नाही. हा भाग मी मोठ्याने वाचून दाखवला घरात, आमच्याकडे पहिलीच्या पोरांना ट्यूशन लावणारे पाहुणे बसलेले होते, मुद्दाम वाचला.

आई वाचायची त्यात किपलिंग असायचा. हो तोच, आपल्या मुंबईत जेजेच्या आवारात जन्मलेला. त्याच्या 'पक ऑफ पूक्स हिल'मध्ये रोमनांनी ब्रिटनमध्ये बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या एका रोमन सेंच्युरियनच्या, म्हणजे सैनिकी अधिकाऱ्याच्या, गोष्टी आहेत, त्या हिच्या डोक्यात ज्या बसल्या त्या बसल्याच.

मला सगळ्यात आवडलं ते आईबद्दलचं लिखाण. आईला मनाचा आजार होता, कधी एकदम उत्साह तर कधी नुसता अंधार, आणि मुलीची सगळी शुश्रूषा तिनेच केली, आणि त्याच प्रेमाने मुलीला गुदमरवलंही. हे बाईंनी रडगाणं न लावता लिहिलंय. आपल्याकडे आईवर लिहायचं तर एकतर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर हिशोब चुकते करतात, इथे दोन्ही नाही. युद्धानंतर रुपर्ट नावाचा एक तरुण आयुष्यात येतो, ते प्रकरणही तसंच, वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ, बाकी सांगत नाही.

शाळा चौदाव्या वर्षी सुटली. मग बिडफर्डच्या आर्ट स्कूलमध्ये चित्रकला शिकली. मोठे कॅनव्हास शरीराला झेपणार नाहीत म्हणून तिला मिनिएचरकडे वळवलं, म्हणजे तळहातावर मावतील अशी चित्रं. ती त्यात चांगली होती पण जीव रमला नाही. पण हे वाचल्यावर मला तिच्या कादंबऱ्या वेगळ्याच दिसायला लागल्या. आख्खी लढाई सांगताना ही बाई मधेच एखादी छोटी वस्तू हातात देते. मार्कसच्या घराण्यातली ती पाचूची अंगठी घ्या, डॉल्फिन कोरलेली, पाचूत खोट असलेली. रोमन सैन्य ब्रिटन सोडून निघून जातं, राज्यं बुडतात, आणि ती अंगठी एका पुस्तकातून दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते. तारखा घोकून जे कळत नाही ते त्या अंगठीने माझ्या लेकाला कळलं.

'ईगल' 1954 चं. कल्पना दोन खऱ्या गोष्टींवरून सुचली, एक म्हणजे 117 सालाच्या सुमारास ब्रिटनमध्ये उत्तरेकडे गेलेली नववी लीजन, म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी, परतलीच नाही अशी तेव्हाची समजूत, आणि दुसरी इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला 1866 मध्ये खोदकामात सापडलेला, लीजनच्या निशाणावरचा समजला गेलेला काशाचा गरुड. माझी मावसबहीण रेडिंगला असते, तिला म्हटलं बाई गं तुमच्या म्युझियममध्ये तो आहे तर फोटो पाठव. पाठवला. वीतभरही नाहीये तो! आणि पंखच नाहीत. लेक नुसता बघत बसला, कारण कादंबरीतल्या गरुडाचेही पंख गेलेले आहेत. आता अभ्यासक म्हणतात की तो सैन्याच्या निशाणावरचा नव्हताच, एखाद्या मूर्तीचा भाग असावा, आणि नववी लीजनही त्यानंतर तिकडे नेदरलँडमध्ये असल्याच्या खुणा सापडल्यात. म्हणजे दोन्ही पाय निखळले, पण गोष्ट मात्र उभीच आहे. लेकाला हे सांगितलं तर म्हणाला, मग काय झालं.

आणि एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की राजे, सरदार, पेशवे, आणि पुस्तकं विटेएवढी. मी पण त्यावरच वाढले, तक्रार नाही. पण तेरा वर्षांच्या मुलासाठी, 'ईगल'सारखं, ज्यात नायक एक साधा जायबंदी अधिकारी आणि त्याने गुलामीतून सोडवलेला दोस्त, असं मराठीत शोधायला गेलं की हात रिकामे येतात.

आता राग कशाचा, तर पुस्तक ऐन रंगात आलं की संपतं. 1950 ला तिची पहिली पुस्तकं आली, तिथवर आणून बाई आपल्याला सोडून देतात. अहो, खरी कामगिरी तर त्यानंतरची! 'द लँटर्न बेअरर्स'ला 1959 चं कार्नेगी मेडल, म्हणजे ब्रिटनमधलं बालसाहित्याचं मोठं पारितोषिक, मोठ्यांसाठी लिहिलेली आर्थर राजाची 'स्वॉर्ड ॲट सनसेट' 1963 ला, वाकड्या झालेल्या बोटांत पेन धरून एवढी सगळी पुस्तकं, 1975 ला ओबीई, 1992 ला सीबीई हे ब्रिटिश सरकारी सन्मान, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गेली तेव्हा त्या सकाळीही लिहीत होती म्हणतात. यातलं एक अक्षर इथे नाही. लिहायला बसायची कशी, मार्कसचा पाय तिने जाणूनबुजून मोडला की आपोआप मोडला, हे तिच्याच तोंडून ऐकायचं होतं मला. एक स्टार त्याचा.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी अवघड नाही पण झाडाफुलांची नावं भारंभार, मी निम्मी सोडून दिली. मुलांना आधी हे देऊ नका, आधी 'ईगल' द्या, त्यांनी प्रश्न विचारला तर हे आणा.

खरेदीबद्दल: मी ऑनलाइन सेकंडहँड घेतलं, पोस्टेजसकट अकराशेला पडलं. विकणाऱ्याने 'व्हेरी गुड' लिहिलं होतं, आलं ते कुबट वासाचं, पुठ्ठा सुटलेला, आणि मधली आठ पानं उलटी शिवलेली. फोन केला तर म्हणे पानं आहेत ना सगळी? आहेत, उलटी करून वाचली. वासासाठी चार दिवस उन्हात ठेवलं, निम्मा गेला. मागवणार असाल तर आधी शिवणीचा फोटो मागून घ्या.