पर्सेल आणि ब्रिटन एका संध्याकाळी: कोणतं तिकीट काढावं?

लंडनमध्ये सतराव्या शतकातला हेन्री पर्सेल आणि विसाव्या शतकातला बेंजामिन ब्रिटन हे दोन इंग्लिश संगीतकार एकाच मैफलीत ऐकायचे तर कार्यक्रमाची बांधणी साधारण दोन तऱ्हांची असते. एकीत मध्यंतरापर्यंत व्हायोल या गजाने वाजवायच्या जुन्या तंतुवाद्याचे वादक पर्सेलच्या फँटेझिया (मुक्त घाटाच्या छोट्या रचना) वाजवतात आणि नंतर क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा चौघांचा संच, ब्रिटन वाजवतं. दुसरीत एकच क्वार्टेट आजच्या वाद्यांवर दोघांनाही पाठोपाठ घेतं.

व्हायोलचा नाद वेगळाच. तारा आतड्याच्या, मानेवर बांधलेले पडदेही आतड्याचेच. आवाज मऊ, किंचित घोगरा. 1680च्या उन्हाळ्यात विशीतल्या पर्सेलने चार स्वरओळींच्या फँटेझिया लिहिल्या. त्यांचा जुना रंग हवा असेल, तर क्वार्टेट तो देत नाही.

मला त्रास झाला तो वाद्यं लावण्याचा. सभागृह भरून हवा उबदार झाली की आतड्याच्या तारांचा सूर हलतो. फँटेझिया जेमतेम तीन-चार मिनिटांची, आणि ती संपली की सगळे पुन्हा खुंट्या पिळू लागतात. तंबोरा लागेपर्यंत थांबायची आपल्याला सवय आहे, पण तिथे गाण्याआधी सूर भरत जातो. इथे शेवटची स्वरसंगती अजून कानात असते आणि तिच्यावर सुटे सूर येऊन पडतात. वादकांचा यात काही दोष नाही, पण माझं ऐकणं दर वेळी तुटलं.

क्वार्टेटच्या मैफलीत मी पर्सेलची ‘जी मायनर’ स्वरपट्टीतली चॅकनी, म्हणजे एकच ओळ फिरून फिरून येते अशी रचना, ऐकली आणि लगेच ब्रिटनचं दुसरं क्वार्टेट (अशा संचासाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात). पर्सेलच्या 250व्या स्मृतिदिनी, 21 नोव्हेंबर 1945 रोजी, ते विगमोर हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलं. त्याच्या शेवटच्या भागाचं नावही चॅकनीच. पर्सेलची फिरून येणारी ओळ आठ बारची (बार म्हणजे तालाचं एक माप), ब्रिटनची नऊची. तिची एकवीस रूपं येतात, आणि अधूनमधून चेलो, मग व्हायोला, मग पहिलं व्हायोलिन एकेकटं बोलतं. आधीची चॅकनी कानात ताजी असल्यामुळे ब्रिटन तिथून किती लांब गेलाय, हे न सांगता कळतं. मध्ये मध्यंतर आलं की हे बरंचसं निसटतं, निदान माझं तरी निसटलं.

आजच्या वाद्यांवर पर्सेल म्हणजे तडजोड, असं काही जाणकार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण हेच क्वार्टेट पहिल्यांदा वाजवणाऱ्या झोरियन क्वार्टेटने 1946मध्ये पर्सेलची एका स्वरावरची फँटेझियाही ध्वनिमुद्रित केली, तेव्हा जादाचा व्हायोला खुद्द ब्रिटनने वाजवला होता.

व्हायोल प्रत्यक्ष कधीच ऐकला नसेल तर पहिली मैफल जरूर घ्या, आणि शक्य तितकं पुढे बसा. एकच तिकीट काढायचं असेल, तर मी क्वार्टेटचं काढीन.