इम्प्लांटनंतरची लिफ्ट: डोनट, लॉलीपॉप की उलटा टी?

इम्प्लांट बसवून आठ-दहा वर्षं झाली, मधे बाळंतपण झालं किंवा वजन वरखाली झालं, आणि आता स्तन ओघळलेत. अशा वेळी "थोडा मोठा इम्प्लांट टाक, भरून येईल" असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. ते सोडून द्या. 300 सीसीचा इम्प्लांट म्हणजे साधारण 300 ग्रॅम वजन. जी कातडी तेवढ्यानेच ओघळली, ती 400 कुठून पेलणार? लिफ्ट, म्हणजे जास्तीची कातडी काढून स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन, लागणार हे धरूनच पुढचं लिहिते आहे.

आधी ब्रा काढून आरशासमोर ताठ उभ्या राहा आणि स्तनाखालच्या घडीत फूटपट्टी आडवी धरा. स्तनाग्र पट्टीच्या रेषेत असेल तर ओघळ सौम्य. रेषेखाली, पण समोर बघणारं असेल तर मध्यम. अगदी तळाला जाऊन जमिनीकडे बघत असेल तर तीव्र.

लिफ्टचे प्रकार तीन, नावं व्रणाच्या आकारावरून. डोनटमध्ये एरिओलाभोवतीची (स्तनाग्राभोवतालच्या गडद गोलाभोवतीची) कातडी गोल कापून कडा नाडीसारखी आवळतात. व्रण फक्त गोलावर राहतो, म्हणून पहिली मागणी याचीच. पण इथे मागून इम्प्लांट सतत रेटतोय. टाका जरा सैल पडला की 4 सेंटिमीटरचा एरिओला पसरतो, व्रण रुंदावतो, स्तन पुढून चपटा दिसतो. स्तनाग्र एखाद-दोन सेंटिमीटर वर घ्यायचं असेल तर चालेल, त्याहून जास्त काम त्याच्यावर टाकू नये.

खरी निवड उरते ती लॉलीपॉप आणि उलटा टी यांच्यात. लॉलीपॉपमध्ये गोलाखाली घडीपर्यंत एक उभी रेघ येते. टीमध्ये घडीतून आडवी रेघ वाढते. जास्तीची कातडी दोन्ही दिशांनी निघते, आकार ऑपरेशनच्या टेबलावरच दिसतो, त्यामुळे कागदावर टीच सरस वाटतो.

गोची आहे ती रेघा मिळतात त्या तिठ्यावर. ठाणेकरांना तीन हात नाका समजावून सांगायला नको, सगळी कोंडी तिथेच. कातडीच्या कडांची टोकं तिथे एकत्र येतात, रक्त तिथे सगळ्यात शेवटी पोचतं आणि ताण मात्र सगळ्यात जास्त. वर ती जागा घडीत, म्हणजे घाम आलाच, आणि ब्राचा पट्टाही नेमका तिथेच बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मसुराएवढी जागा पांढुरकी, ओलसर होते आणि उघडते. साध्या लिफ्टमध्ये याचं फार काही नसतं, रोज ड्रेसिंग केलं की काही आठवड्यांत भरून येतं. पण इथे तिच्यामागे इम्प्लांट आहे आणि त्याच्या दाबाने खालची कातडी आधीच पातळ झालेली. इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर असेल तर जखम आणि तो यांच्यात फारसं काही उरत नाही. जंतू आत पोचले की बहुतेकदा इम्प्लांट काढावाच लागतो आणि नव्यासाठी काही महिने थांबणं आलं. एका मसुरापायी!

लॉलीपॉपमध्ये हा तिठाच नाही. दोष त्यालाही आहेत. खालच्या टोकाला चुण्या पडतात, आणि पहिले दोन-तीन महिने स्तन बिघडलेल्या टक्सच्या ब्लाऊजसारखा दिसतो, वर फुगीर, खाली चपटा. बहुतेक ते बसतं. एखादी चुणी राहिलीच तर सहा महिन्यांनी जागेवर भूल देऊन काढतात. उघड्या जखमेपेक्षा मला चुणी परवडते. अर्थात ओघळ तीव्र असेल किंवा मोठा इम्प्लांट काढून खूपच कातडी मोकळी होणार असेल, तर टीला पर्याय नसतो. तेव्हाही आडवी रेघ आखूड ठेवता येईल का, हे विचारून घ्यावं.

सल्ल्याला जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. इम्प्लांटचं स्टिकर, छेद कुठून घेतला, इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली, हे त्यात असतं. वर असेल तर मागून स्तनाच्या ग्रंथीत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच तुटलेल्या असतात. म्हणून स्तनाग्राचा रक्तपुरवठा वरून किंवा वर-आतल्या बाजूने राखणं सुरक्षित. सर्जन खालून राखतो म्हणाले तर कारण विचारा. कागद सापडत नसतील किंवा कातडी फारच पातळ असेल, तर आधी इम्प्लांट काढून लिफ्ट आणि 3 ते 6 महिन्यांनी नवा इम्प्लांट, असे दोन टप्पे बरे. सिगारेट, तंबाखू, मशेरी, सगळं किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. मशेरी लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहते.

साधारण तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, म्हणजे ठाणे-वाशी लोकलमधलं हँडल धरणं बंद. वायरची ब्रा सहा आठवडे नाही. टी करायचाच असेल तर तारीख दिवाळीनंतरची, फेब्रुवारीच्या आतली घ्या, तेव्हा घाम कमी. तरीही घडीत कोरडं गॉज ठेवा आणि ओलसर लागलं की लगेच बदला, संध्याकाळच्या ड्रेसिंगची वाट बघू नका.