बॅटरीवर चालणारा पीएस वन : करून घेतलेल्या बदलाचा अभिप्राय
सोनीचा 2000 सालचा पीएस वन हा गेम कन्सोल बॅटरीवर चालवण्यास विशेष सोयीचा आहे, कारण त्याचा अडॅप्टर बाहेर असतो आणि कन्सोलला थेट 7.5 व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो. मी एका दुरुस्ती कारागिराकडून हा बदल करून घेतला आणि कामाचा दर्जा पाहून मनापासून समाधान वाटले. त्याने 18650 आकाराचे दोन लिथियम-आयन सेल एकसर जोडले आहेत. अशा जोडीचे व्होल्टेज पूर्ण चार्ज असताना 8.4 असते आणि वापरासोबत 7.5च्या खाली उतरते, म्हणून ते स्थिर राखणारे सर्किट आणि सेलचे रक्षण करणारा बीएमएस बोर्ड, दोन्ही त्याने न सांगता बसवले. सेलना थेट डाख न देता निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे क्षणभर वीज सोडून ठिपक्यापुरत्या तापवून, जोडल्या आहेत. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही, त्यामुळे ही काळजी मला सर्वांत मोलाची वाटते.

उणीव एकच, पण गंभीर आहे: किती चार्ज उरला हे दाखवणारा दिवा नाही, आणि मेमरी कार्डवर खेळ साठवला जात असताना वीज गेली तर ती नोंद बिघडू शकते. काम सोपवतानाच हा दिवा आवर्जून मागून घ्यावा.