नव्याच्या सणाचं पत्र कुणाच्या नावे लिहावं?

भाद्रपद जवळ आला की लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गणपतीच्या फलकांची धांदल उडते, आणि त्याच धांदलीत कुणाला तरी आठवतं की ज्यू मंडळींचं नवीन वर्ष रोश हशाना, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंचा नव्याचा सणही तोंडावर आलाय. मग शुभेच्छापत्र लिहायचं काम ज्याचं मराठी बरं त्याच्या गळ्यात पडतं. रायगड जिल्ह्यात एका लोकप्रतिनिधींसाठी मी हे काम बरीच वर्षं केलं. ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग, पेण इथे हे काम आता ज्यांच्याकडे आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोश हशाना कधी असतो, 'शाना तोवा'चा अर्थ काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. अडतं ते दुसरीकडेच. पत्र कुणाला उद्देशून लिहायचं, आणि त्यात इस्रायल, पॅलेस्टाईन, परराष्ट्र धोरण यांना जागा द्यायची का?

मोठ्या नेत्यांचे संदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर मला तीन साचे दिसतात. सोयीसाठी त्यांना दिल्ली, वॉशिंग्टन आणि तेहरान म्हणतो.

दिल्लीचा साचा सगळ्यांत आटोपशीर. पंतप्रधान मोदींचे 2023 आणि 2025 चे रोश हशानाचे संदेश घ्या. आधी 'माझे मित्र' पंतप्रधान नेतान्याहू, मग इस्रायलची जनता, मग जगभरातला ज्यू समाज, असा क्रम. दोन-तीन ओळींत शांतता, आरोग्य, भरभराट, आणि 'शाना तोवा', म्हणजे चांगलं वर्ष. एका सरकारप्रमुखाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र म्हणून त्यात काही उणं नाही. यात धोरणाचा एक शब्दही नसतो, आणि हा मला त्याचा मोठा गुण वाटतो. शुभेच्छांतल्या जिव्हाळ्यावरून भारताचं धोरण ताडणारे दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्ही बाजूंचे फसतात. 12 सप्टेंबर 2025 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणारा 'न्यूयॉर्क जाहीरनामा' मतदानाला आला. इस्रायलचा त्याला विरोध होता. बाजूने 142 मतं पडली, त्यांत भारताचं होतं. दहाच दिवसांनी रोश हशाना लागला आणि 'माझे मित्र' म्हणणारा संदेश नेहमीसारखा गेला. 2017 चंही तसंच. जुलैमध्ये मोदी इस्रायलला गेले, तिथे जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. त्याच वर्षी 21 डिसेंबरला, हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेरुसलेमच्या प्रश्नावर भारताने अमेरिका आणि इस्रायल यांच्या विरोधात मत दिलं. म्हणजे शुभेच्छा एका दाराने जातात, धोरण दुसऱ्या दाराने. हे चांगलंच आहे.

वॉशिंग्टनचा साचा भरगच्च. तिथे सण हा भाषणाचा प्रसंग असतो, आणि भाषण आलं की धोरण आलंच. ओबामांचे सुरुवातीचे रोश हशानाचे संदेश मी नीट वाचले होते, कारण भाषा सुंदर असायची. आत्मपरीक्षण, क्षमा, नव्याने सुरुवात, या सणाच्या गाभ्यातल्या गोष्टी त्यांत असत, आणि त्यांनाच जोडून इस्रायलची सुरक्षितता, शेजाऱ्यांशी शांतता. 2009 साली त्यांनी व्हाइट हाउसमध्ये पेसाह सणाचं सेदेर नावाचं विधीचं जेवणही सुरू केलं. घरातल्या टेबलाभोवती बसून हगादा, म्हणजे त्या सणाची पोथी, वाचायची, इतकं साधं. या माणसाला सणाची आच होती याबद्दल मला शंका नाही.

पण धोरण गुंफलेली शुभेच्छा फार लवकर शिळी होते. 2010 सालचं पाहा. 2 सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांची थेट बोलणी सुरू झाली. 8 तारखेच्या संध्याकाळी रोश हशाना लागला, आणि ओबामांच्या संदेशात त्या बोलण्यांना बळ देण्याचं आवाहन होतं. 26 तारखेला वसाहतींच्या बांधकामावरची इस्रायलची दहा महिन्यांची स्थगिती संपली आणि बोलणी तिथेच अडकली. सुक्कोत हा ज्यूंचा मांडवांचा सण अजून चालू होता. मांडव उतरायच्या आत पत्रातलं मुख्य वाक्य खोटं पडलं. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. घडामोडी पंचांग बघून घडत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. 15 सप्टेंबर 2020 ला इस्रायल आणि काही अरब देश यांच्यातल्या अब्राहम करारांवर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रोश हशानानिमित्त ट्रम्प अमेरिकेतल्या ज्यू नेत्यांशी फोनवर बोलले, आणि समारोपाला तुमच्या देशावरही आमचं प्रेम आहे, अशा अर्थाचं बोलून गेले. ऐकणारी माणसं अमेरिकेचीच नागरिक होती. मनात वाईट काही नसावं. पण सणाच्या वाक्यात परदेश एकदा शिरला की समोरचा नागरिक पाहुणा होऊन बसतो.

याउलट 1979 च्या डिसेंबरमधला एक प्रसंग मला फार आवडतो. तेहरानमध्ये अमेरिकन लोक ओलीस होते, आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर त्या पेचात गुंतलेले होते. हनुक्काला ते समोरच्या लाफायेत पार्कात गेले आणि तिथल्या मेनोराची, म्हणजे सणाच्या दीपवृक्षाची, ज्योत पेटवली. स्वतःच्या नागरिकांकडे चालत गेले, एवढंच.

आता तेहरान. या यादीत ते नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील, पण शब्दांच्या क्रमापुरता हाच साचा मला सगळ्यांत शहाणा वाटतो. सप्टेंबर 2013 मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष रूहानी यांच्या नावाच्या खात्यावरून रोश हशानाचा संदेश आला. तेहरानमध्ये सूर्य मावळतोय, अशी सुरुवात, आणि मग सगळ्या ज्यूंना, विशेषतः इराणी ज्यूंना, शुभेच्छा. हे 'विशेषतः इराणी' फार मोलाचं. तिथे आजही काही हजार ज्यू राहतात आणि संसदेत त्यांच्यासाठी एक जागा राखीव आहे. परराष्ट्रमंत्री झरीफ यांनीही शुभेच्छा दिल्या. त्याच महिन्याच्या 27 तारखेला ओबामा आणि रूहानी फोनवर बोलले, त्यामुळे ती शुभेच्छा म्हणजे पाश्चात्त्यांकडे उघडलेली खिडकी होती, असं म्हणता येतं. इस्रायलबाबतचं इराणचं धोरण मात्र तसूभरही हललं नाही. आणि मन खट्टू करणारी गोष्ट अशी की राष्ट्राध्यक्षांच्या एका सल्लागाराने लगेच सांगितलं, ते खातं त्यांचं नाहीच. योग्य वाक्य योग्य माणसांना लिहिलं होतं, आणि खाली सही करायला कुणी तयार नव्हतं.

आता माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती सांगतो.

पहिल्या वर्षी मी दिल्लीचाच साचा उचलला. छोटा होता, सुरक्षित होता, आणि एवढ्या वरचा नमुना असताना आपण कशाला डोकं चालवावं, असं वाटलं. 'मित्रराष्ट्र इस्रायलच्या जनतेस व समस्त ज्यू बांधवांस' अशी सुरुवात केली, खाली साहेबांची सही घेतली आणि पत्रं घेऊन अलिबागच्या इस्रायल आळीत गेलो. एका घरात सत्तरीच्या पुढच्या एक मावशी चुलीपाशी होत्या. नव्याच्या सणासाठी चिकाचा हलवा चालला होता. भिजवलेल्या गव्हाचा चीक नारळाच्या दुधात साखरेबरोबर आटवत होत्या, आणि हात थांबवला तर खाली लागतो म्हणून माझ्याशी बोलतानाही ढवळणं सुरूच होतं. शेवटी हलवा कडा सोडू लागला, तेव्हा तूप न लावता तसाच परातीत ओतला, वाटीच्या बुडाने सारखा केला, वरून बदामाचे काप दाबले. मग हात पुसून चष्मा लावला आणि पत्र मोठ्याने वाचायला घेतलं.

'मित्रराष्ट्र'वर त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माझी बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, मी इथे राहिले. तिला तिथल्या लोकांचं पत्र येत असेल. मला इथल्यांचं यायला हवं ना?"

त्यांचे यजमान एसटीत होते, तीस वर्षं. त्यांची दफनभूमी याच गावात. माझ्या पत्रात त्या घराचा, त्या गावाचा, त्या तीस वर्षांचा कुठेच पत्ता नव्हता. मी काही बोललो नाही. त्यांनी हलव्याची वडी हातावर ठेवली, ती खाल्ली, आणि उरलेली पत्रं न वाटता परत आणली.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या आठवणीत त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले. तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली झाले, गावांच्या नावांवरून पेणकर, दिवेकर झाले. रोश हशाना त्यांच्यासाठी नव्याचा सण, योम किप्पूर दारफळणीचा सण. सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाला, जुनी माणसं आजही मशीद म्हणतात. मांडवीची जुनी मशीद सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली बांधली, आणि मस्जिद रेल्वे स्थानकाचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं सांगतात. इस्रायलशी त्यांचं नातं आहे, रक्ताचं आहे, पण तेही सरळ नव्हतं. तिथल्या धर्मपीठाने लग्नांच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली तेव्हा 1964 साली त्यांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं होतं. अशा समाजाला तिथल्या पंतप्रधानांच्या मागे दुसऱ्या ओळीत उभं करणं मला तरी बरोबर वाटत नाही.

दिल्लीवर अन्याय नको. पंतप्रधानाने पंतप्रधानाला लिहिणं हा राजशिष्टाचार आहे, आणि 'जगभरातला ज्यू समाज' म्हटलं की त्यात अलिबागही येतंच. शिवाय 2017 च्या तेल अवीवच्या भाषणात मोदींनी तिथून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचा आवर्जून उल्लेख केला होता. आपल्या माणसांशी बोलताना आपल्या खुणा कशा सापडतात हे तिथे दिसलं. वरच्या पातळीवर तो साचा शोभेलही. आमदार, नगराध्यक्ष, जिल्हा परिषद सदस्य यांनी तो जसाच्या तसा उचलावा असं मात्र मी कुणाला सुचवणार नाही.

ऑक्टोबर 2023 नंतर हे काम अवघड झालं, हे मान्य. 7 ऑक्टोबरचा हल्ला सिम्हात तोराच्या सणाच्या दिवशीच झाला. पुढच्या वर्षी पत्र लिहायला बसलो तेव्हा कार्यालयात दोन तट होते. एकाला इस्रायलच्या पाठीशी असल्याचं वाक्य हवं होतं, दुसऱ्याला गाझातल्या मुलांसाठी. दोघंही मनापासून बोलत होते. भारताने तेव्हा दोनच आठवड्यांपूर्वी, 18 सप्टेंबर 2024 ला, इस्रायलविषयीच्या ठरावावर आमसभेत तटस्थ मत दिलं होतं, त्यामुळे सरकारकडे बोट दाखवूनही भागणार नव्हतं. मी साहेबांना एवढंच म्हणालो की दोन्ही वाक्यं बोलायची असतील तर वेगळं निवेदन काढा, तारीख घाला, वर्तमानपत्रांना द्या. मावशींच्या दारात जाणाऱ्या पत्रात युद्धाबद्दल त्यांनी काय वाटून घ्यावं हे आपण सांगायचं नाही. ते ऐकलं गेलं. काहींना ती पळवाट वाटली, आणि त्यांचं म्हणणं मी साफ चूक म्हणणार नाही. पण दिवाळीच्या शुभेच्छांत कुणी आपल्याकडून दुसऱ्या देशाच्या सरकारबद्दलची भूमिका मागितली तर कसं वाटेल, ते मनाशी ताडून पाहावं.

माझं पत्र आता असं असतं. पहिली ओळ गावाची: 'अलिबाग परिसरातल्या बेने इस्रायल कुटुंबांना नव्याच्या सणाच्या शुभेच्छा.' दुसऱ्या वाक्यात आपल्या हातातली एखादी खरी गोष्ट. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पत्रात तो आला. एका वर्षी दफनभूमीच्या कुंपणाचं काम झालं होतं, तेव्हा ते आलं. मग परगावी आणि परदेशी गेलेल्या त्यांच्या माणसांसाठी एक ओळ, ज्यात अश्दोदची बहीणही येते. शेवटी 'शाना तोवा', देवनागरीत. हिब्रू अक्षरं मी घालत नाही. ती वाचणारे थोडे असतात, आणि छापताना ओळ उलटी पडली तर फार वाईट दिसतं.

एक जपा. योम किप्पूर हा उपासाचा आणि क्षमा मागण्याचा दिवस, त्याला 'हार्दिक अभिनंदन'चा छापील मजकूर पाठवू नका. पाठवायचं असेल तर उपास नीट पार पडो, एवढंच लिहा.

2026 मध्ये रोश हशाना 11 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला लागतो. तो शुक्रवार आहे, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, तोही त्याच वेळी सुरू होईल, आणि सोमवारी 14 ला गणपती. कार्यालयातला प्रत्येक माणूस तेव्हा मंडपांच्या परवानग्यांत अडकलेला असेल. त्यामुळे मसुदा ऑगस्टमध्येच लिहून ठेवा आणि सही घेऊन ठेवा. सूर्यास्तानंतर पाळणाऱ्या घरांत फोनही बंद असतात. पत्र शुक्रवारी दुपारच्या आत मशिदीच्या मुकादमांच्या, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांच्या, हातात पडलं पाहिजे.